मोझांबिकची काजूबी

नवउदारमतवादाचं, म्हणजे सरकारनं हात आखडून बाजाराला मोकळीक द्यावी या विचाराचं, नाव काढलं की वित्तीय तूट, चलनाचं अवमूल्यन असले शब्द सुरू होतात. त्या वाटेला आज मी फार जाणार नाही. आग्नेय आफ्रिकेतल्या मोझांबिकमधल्या काजूचं काय झालं तेवढंच सांगतो. कोकण-गोव्याच्या मंडळींना हे पीक सांगायला नको. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं तेच झाड गोव्यात रुजलं आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरही.

१९७५ मध्ये हा देश स्वतंत्र झाला. त्याआधीची काही वर्षं जगात सर्वात जास्त काजू तिथे पिकत होता, वर्षाला साधारण दोन लाख टन. नव्या सरकारनं कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी घातली. बी इथेच फोडा, मजुरी इथेच राहू द्या, असा विचार. पण सरकारी भाव कमी, झाडांची निगा कुणी राखेना, वर १९९२ पर्यंत यादवी. पीक पार कोसळलं. जागतिक बँकेनं एक धडधाकट धंदा बुडवला असं सांगायला सोपं आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं. धंदा आधीच आजारी होता.

१९८४ मध्ये मोझांबिक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आणि जागतिक बँकेचा सदस्य झाला, १९८७ पासून पुनर्रचनेचा, म्हणजे कर्जाच्या बदल्यात बाजार मोकळा करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सरकारी काजू कारखाने १९९४-९५ च्या सुमारास खाजगी मालकांना विकले. आणि त्यांनी पैसे मोजून पुरते बस्तान बसवण्याआधीच बँकेनं कर्जाला अट घातली: निर्यातबंदीच्या जागी आलेला कच्च्या बीवरचा निर्यातकर उतरवा. तो आधी २० टक्के, मग १४ टक्क्यांवर आला.

बँकेचं गणित कागदावर चोख होतं. कर गेला की परदेशी गिऱ्हाईक जास्त भाव देईल, तो लाखो गरीब शेतकऱ्यांना मिळेल. कारखान्यांतले कामगार काही हजार, शेतकरी लाखो. वाचताना कुणालाही पटावं. फक्त ते परदेशी गिऱ्हाईक कोण, हे नीट पाहिलं नाही. ते जवळजवळ एकटा भारत! आपला हंगाम उन्हाळ्यात, त्यांचा साधारण नोव्हेंबरपासून. त्यांची बी आली की केरळातल्या कोल्लमचे कारखाने आपलं पीक नसतानाही चालू राहतात. आपल्याकडे बायका हातानं बी फोडतात, टरफलातल्या तेलानं बोटं भाजतात, पण गर अखंड निघतो. मोझांबिकच्या जुन्या यंत्रांतून तुकडा जास्त पडायचा, आणि तुकड्याला भाव कमी. मोकळ्या बाजारात बी कुठे जाणार हे उघड होतं.

शेतकऱ्याचं काय? खेड्यात बी विकत घेणारे मोजके व्यापारी. वाढलेल्या भावातला मोठा वाटा त्यांच्याकडे आणि निर्यातदारांकडे अडकला. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा निघाला वर्षाला जेमतेम पाच डॉलर. दुसरीकडे कारखान्यांतले सुमारे दहा हजार कामगार, त्यात बायका पुष्कळ. २००१ पर्यंत त्यातल्या बहुतेकांच्या हाताला काम उरलं नव्हतं.

मला सर्वात जास्त खटकतं ते पुढचं. १९९७ मध्ये बँकेचे अध्यक्ष वुल्फेन्सन राजधानी मापुटोला गेले, आणि बँकेच्याच पैशानं या धोरणाचा अभ्यास करायचं ठरलं. त्या अभ्यासाचा कौल उद्योगाला संरक्षण देण्याच्या बाजूनं पडला. म्हणजे कारखानदार आणि कामगार संघटना जे ओरडून सांगत होत्या, ते पटायला परदेशी सल्लागार लागले! कर किती असावा हा प्रश्न मोझांबिकच्या संसदेत सुटायला हवा होता. तो वॉशिंग्टनमध्ये, बँकेच्या मुख्यालयात ठरत होता, आणि चूक झाली तरी तिथल्या कुणाची नोकरी जाणार नव्हती.

१९९९ मध्ये संसदेनं कायदा करून निर्यातकर १८ ते २२ टक्क्यांवर नेला आणि बी विकत घ्यायचा पहिला हक्क देशातल्या कारखान्यांना दिला. तोवर मोठे कारखाने बंद पडलेले होते. नंतर उत्तरेकडच्या नांपुला प्रांतात लहान कारखाने निघाले. तिथे बी यंत्राऐवजी बहुतेक माणसांच्या हातांनी फोडायचे.