हेडफोन काढा, लोक आलेत!

(टेबलावर मोर्सची की. कॅमेरा तिच्या जवळ.)

नमस्कार मंडळी. आधी हे ऐका. (की दाबते) डिट डिट डिट. मोर्स या ठिपके-रेघांच्या लिपीतला एस. १२ डिसेंबर १९०१ ला बिनतारी संदेशाचा जनक मार्कोनी आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगाने वर चढवलेल्या तारेला रिसीव्हर जोडून बसला होता. अटलांटिकच्या पल्याड, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्डूहून आलेले हेच तीन ठिपके त्याने ऐकले. निदान तो तसं म्हणाला. ते ठिपके होते की आकाशातली खरखर, यावर जाणकार अजून भांडतात. भांडू देत. आपल्याला एवढंच हवंय की त्याच्या वाढदिवसाच्या, म्हणजे २५ एप्रिलच्या, लगतच्या शनिवारी दर वर्षी जगभरचे हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे, मार्कोनीशी नातं सांगणाऱ्या जागी जातात, अँटेना उभारतात आणि २४ तास हवेवर असतात. हा इंटरनॅशनल मार्कोनी डे. भरवतो कॉर्नवॉलमधलाच एक हौशी रेडिओ क्लब.

कशाची तरी आठवण म्हणून, थोड्या दिवसांपुरतं वेगळं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, घेऊन लावलेलं असं स्टेशन म्हणजे स्पेशल इव्हेंट स्टेशन. आज त्याबद्दल बोलू. आणि त्यातल्या एका गोष्टीबद्दल, जी कळायला आमच्या क्लबला फार वेळ लागला.

आधी कॉलसाइन. गाडीची नंबरप्लेट समजा. सुरुवातीची अक्षरं देश सांगतात: व्हीयू ऐकलं की भारत, जेए ऐकलं की जपान. मग आकडा, मग त्या हॅमची स्वतःची अक्षरं. एरवी ही लांबी नियमात बांधलेली असते. पण आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच एक सूट ठेवलीय, की खास प्रसंगी, तात्पुरतं, लांबलचक कॉलसाइन दिलं तरी चालेल. म्हणून मग कुणी मधे १०० घालतं, कुणी अख्खं सालच घालतं. २०२० मध्ये तर बऱ्याच देशांतल्या स्टेशनांनी शेपटीला 'स्टे होम' लावलं होतं. ते मोर्समध्ये दिवसभर पाठवणाऱ्यांच्या मनगटांची मला अजून दया येते.

ब्रिटनमध्ये अशा स्टेशनांना जीबीने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. अमेरिकेने उलटा रस्ता धरला. तिथे लांब नाही, आखूड: एक अक्षर, एक आकडा, एक अक्षर. के२ए, डब्ल्यू७बी, असं. सुरुवातीला के, एन किंवा डब्ल्यू. शेवटी एक्स सोडून काहीही, कारण एक्स प्रयोगांसाठी राखलेला. हिशेब केलात तर सगळी मिळून ७५० होतात. एकाचा कार्यक्रम संपला की तेच दुसऱ्याला.

तुम्ही म्हणाल, अक्षरांचं एवढं काय कौतुक? हे ऐका. (की दाबते, सावकाश) डा डा. डा डा डिट. डा डिट डा डा.

एमजीवाय. टायटॅनिकचं कॉलसाइन. १९१२ च्या एप्रिलमध्ये जहाज बुडत असताना रेडिओ ऑपरेटर जॅक फिलिप्स की दाबत होता, त्या संदेशांत ही अक्षरं होती. ती ऐकली म्हणून कार्पेथिया हे दुसरं जहाज मदतीला वळलं. २०१२ मध्ये, शंभर वर्षांनी, हॅमनी एमजीवाय ही अक्षरं असलेली कॉलसाइनं घेऊन स्टेशनं लावली. फिलिप्सच्या ट्रान्समीटरचा आवाज वेगळा होता, पण ताल हाच. पुतळा बघायचा असतो, पाटी वाचायची असते. इथे आठवण कानावर पडते, आणि ती तशी पडावी यासाठीच सगळा खटाटोप असतो.

स्वीडनमध्ये ग्रिमेटन नावाचं एक स्टेशन आहे, १९२० च्या दशकातलं. तिथला ट्रान्समीटर म्हणजे चक्क गरगर फिरणारं एक यंत्र आहे. त्यात ना व्हॉल्व्ह, ना ट्रान्झिस्टर. मोटर एक भलंमोठं चाक फिरवते आणि त्यातून १७.२ किलोहर्ट्झची लहर निघते. बाहेर १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे. २००४ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. जूनअखेरच्या किंवा जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते यंत्र चालू करतात आणि एसएक्यू या कॉलसाइनने संदेश सोडतात. गंमत म्हणजे १७.२ किलोहर्ट्झ इतकं खाली आहे की कॉम्प्युटरच्या साउंडकार्डला लांब तार जोडून, थोडं सॉफ्टवेअर वापरून ते पकडता येतं. मला हा प्रकार फार आवडतो, कारण समोरून बोलायचंच नसतं. फक्त ऐकायचं, आणि ऐकलं असं कळवायचं.

आता आमची फजिती.

आमचं पहिलं स्पेशल इव्हेंट स्टेशन एका संग्रहालयाच्या आवारात होतं. टेबल भिंतीला लावलेलं, रेडिओ भिंतीकडे, आम्ही दोघं ऑपरेटर लोकांकडे पाठ करून, कानावर हेडफोन. सकाळपासून पाइलअप लागला. पाइलअप म्हणजे तुम्ही एकदा सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का?', म्हणायचं आणि पलीकडून पंचवीस-तीस जण एकदम आपापलं कॉलसाइन ओरडणार. त्यातून एकेकाला वेचायचं, त्याचा आवाज कसा येतोय त्याचा रिपोर्ट द्यायचा, लॉगमध्ये लिहायचं, पुढचा. मजा असते! मान वर करायला फुरसत नव्हती. दुपारी मागून आवाज आला. एक आजी आमच्या मदतनीस मुलाला हळूच विचारत होत्या, "बाळ, इथे कसली परीक्षा चालू आहे का?"

संध्याकाळपर्यंत लॉग गच्च भरला होता. टेबलाशी थांबलेली माणसं मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, आणि त्यातल्या एकाला स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं.

चूक साधी होती. आमच्याकडे दोन पाहुणे होते, एक हवेतला आणि एक दारातला. आम्ही हवेतल्याचीच सरबराई करत बसलो. तो बिचारा तर आधीपासूनच हॅम आहे! त्याला काय पटवायचं?

म्हणून पुढच्या वेळी टेबल फिरवलं. ऑपरेटरचं तोंड लोकांकडे आणि आवाज स्पीकरवर. शॉर्टवेव्हवरची ती खरखर, मधूनच वर येऊन बुडणारा आवाज, हे कानावर पडलं की माणूस आपोआप थबकतो. आणि एका सभासदाने रेडिओला हातसुद्धा लावायचा नाही, फक्त लोकांशी बोलायचं. हे काम कुणी मागून घेत नाही, सगळ्यांना माइक हवा असतो. आम्ही पाळ्या लावल्या.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "मोबाइल असताना हे कशाला?" यावर बहुतेक हॅम लगेच पूर-भूकंपाकडे वळतात, की नेटवर्क पडलं की आम्हीच कामाला येतो. खरं आहे ते. पण समोरचा फिरायला आलाय, त्याला भूकंप नकोय. मी त्याला वर बघायला सांगते. ती तार दिसते? १४ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे तारेची साधी अँटेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण दहा मीटर. आत्ता स्पीकरवर बोलतोय तो माणूस दुसऱ्या खंडात आहे. त्याच्या तारेतून निघालेली लहर वर आयनोस्फियरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागून खाली आली, आणि मधे टॉवर नाही, केबल नाही, उपग्रह नाही, कुठली कंपनी नाही. एवढं सांगून गप्प बसायचं. पुढचा प्रश्न तो स्वतः विचारतो.

मुलांचं वेगळं असतं. माइक हातात दिला की भलीभली बडबडी मुलं मूग गिळून बसतात. एक मुलगी माइक धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. पलीकडचा ऑपरेटर मुरलेला होता. तो म्हणाला, माझ्या खिडकीबाहेर आत्ता अंधार आहे, तुझ्याकडे काय आहे? तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "ऊन." बस, एक शब्द. मग दोघं पाच मिनिटं बोलत होते. तेव्हापासून आम्ही मुलांना आधी बझरवर स्वतःचं नाव मोर्समध्ये वाजवायला लावतो. हात मोकळा झाला की तोंड उघडतं. आणि एक लक्षात असू द्या: परवाना नसलेल्या पाहुण्याला माइकवर बोलू देता येतं का, हे देशादेशाप्रमाणे बदलतं. जिथे चालतं तिथेही परवानाधारक शेजारी बसलेला हवा.

कधी बँडच मेलेला असतो, म्हणजे त्या लहरींवर काहीच ऐकू येत नाही. सूर्यावर मोठी ज्वाळा उठली की दिवसाच्या बाजूला शॉर्टवेव्ह तासभर ठप्प होऊ शकते, आणि नेमकी तेव्हाच शाळेची सहल दारात. अशा वेळेसाठी आम्ही क्लबमधल्या एकाला घरी व्हीएचएफवर, म्हणजे जवळच्या अंतराच्या लहरींवर, बसवून ठेवतो. काही जुन्या मंडळींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. आवाज हवेतूनच येतो की!

हे करून बघायचं असेल तर वर्षभर संधी असतात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या आसपास दीपगृहांचा वीकएंड, म्हणजे दीपगृहांपाशी स्टेशनं लावायची, १९९८ पासून चालू. ऑक्टोबरमध्ये स्काउट-गाइडची जांबोरी ऑन द एअर, म्हणजे हवेवरचा मेळावा. शाळांना अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांशी हॅम रेडिओवर बोलताही येतं. अंतराळातून हॅम रेडिओवर बोलण्याची सुरुवात १९८३ मध्ये अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानातून केली. स्थानक डोक्यावरून जायला जेमतेम दहा मिनिटं, त्यामुळे मुलांचे प्रश्न घोटून घेतलेले असतात.

आणि हे. (कार्ड कॅमेऱ्यासमोर धरते) क्यूएसएल कार्ड. तारीख, वेळ यूटीसीमध्ये (म्हणजे जागतिक वेळेत), बँड, रिपोर्ट ५९, म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरात. संपर्क झाल्याचा लेखी पुरावा. हॅम संघटनांच्या ब्यूरोमार्फत गठ्ठ्याने फिरतात, पोचायला महिनोन्‌महिने लागतात. बोललेल्या प्रत्येक मुलाला आम्ही असं एक कार्ड तिथल्या तिथे भरून देतो. त्या ऊनवाल्या मुलीने ते भरताना मला थांबवलं. नियमात कुठेच नसलेली एक ओळ तिला खाली हवी होती, आणि ती तिने स्वतःच लिहिली: हवामान – इकडे ऊन, तिकडे अंधार.

तर कुठे असा तंबू, अशी तार दिसली की आत जा. ऑपरेटर हेडफोन घालून, पाठ करून बसलेला असेल तर खुशाल खांद्यावर टकटक करा. चिडणार नाही. चिडलाच, तर त्याला हा व्हिडिओ दाखवा.