कोरा चहा

(कोल्हापुरातल्या एका व्याख्यानमालेत निवृत्त पशुवैद्यकांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळं बोलणारी एवढी माणसं एकदम समोर बघून जरा बिचकायला झालंय. तीस वर्षं करवीर, पन्हाळा आणि राधानगरी तालुक्यांतल्या गोठ्यांत, कोपरापर्यंत हात घालून गाभण तपासण्यात गेली. भाषणाचा सराव नाही. फार लांबलं तर खूण करा, दावं ओढल्यासारखा थांबेन.

विषय तुम्ही दिलाय की व्हेगन लोकांबद्दल आपल्या दूध उत्पादकाला काय वाटतं. अगदी आत्ताआत्तापर्यंत काहीच वाटत नव्हतं. भोगावतीकाठच्या एका गावात दूध संस्थेच्या दारात मी हा शब्द पहिल्यांदा काढला, तर एक आजोबा म्हणाले, "वॅगनार व्हय? आमच्या जावयानं घेतलीया की." मग मी समजावून सांगितलं. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, आणि दूध, दही, तूप, मध यातलंही काही नाही. आजोबांनी किटली खाली ठेवली. "मग त्यो आजारी हाय का?"

त्यांची चेष्टा नव्हती. त्यांना खरंच काळजी वाटली. आपल्याकडं दूध सोडायला सांगतो तो वैद्य. शिरोळ-हातकणंगल्याकडचा जैन शेतकरी बघा, पिढ्यान्‌पिढ्या मांसाला शिवत नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि दारात चार म्हशी. अहिंसा आणि धार काढणं यांचं वाकडं असू शकतं हे त्याच्या आजाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि हे शहर तर काय विचारता! गंगावेशीच्या कट्ट्यावर गवळी म्हशी आणून उभ्या करतो, तुमच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार पडते, वर फेस तसाच, आणि पिणारा ओठावरची मिशी पुसत तालमीकडं निघतो. पंढरपुरी म्हैस म्हणूनच इथं टिकली. तलवारीसारखी शिंगं सांभाळत भर रस्त्यात उभी राहून पान्हा सोडणारं जनावर दुसरं नाही. मुऱ्हा जातीच्या म्हशीला जरा नवा माणूस दिसला तरी ती आटवून धरते.

तर हा झाला कौतुकाचा भाग. आता घरची गोष्ट सांगतो.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी आली ती व्हेगन होऊन. वहिनींनी चहा टाकला, ही म्हणाली, "काकू, मला कोरा." वहिनींचा चेहरा पडला. पुण्यामुंबईत कोरा चहा ही आवड असेल, आमच्या पिढीला तो गरिबीचा चहा. पाहुणा आला आणि घरात दूध नसलं, तर आमची आई शेजारणीकडं वाटी घेऊन धावायची. दारात चार म्हशी असताना पोरीनं कोरा चहा प्यायचा, म्हणजे वहिनींच्या लेखी तिनं त्या चार म्हशींना नावं ठेवली. शेतकऱ्याचा राग बऱ्याचदा इथनं सुरू होतो बघा. त्याला दुसऱ्याच्या खाण्याशी देणंघेणं नसतं. पण पहाटे चारला उठून, शेण काढून, वैरण टाकून, धार काढून जे पुढं ठेवलं ते कुणीतरी बाजूला सारलं, हे लागतं.

या शब्दाचा जन्मही मोठा गमतीचा आहे. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरानं, तिथल्या शाकाहारी मंडळापासून वेगळं होत, 'व्हेगन' हा शब्द काढला. भांडण मांसावरून नव्हतंच, दूध-अंड्यांवरून होतं. या वॉटसननं लहानपणी आपल्या काकाच्या शेतावर डुक्कर मारताना पाहिलं आणि ते त्याच्या मनातून गेलं नाही. म्हणजे हा विचार कुठल्या विद्यापीठात निघालेला नाही. काकाच्या शेतावर आलेल्या पोराच्या पोटात गोळा आला, तिथनं निघालाय. माझी पुतणी काकाच्याच गोठ्यात आली होती. ते पुढं सांगतो.

तिकडच्या शेतकऱ्याचं भांडण मात्र उघड आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून जानेवारी महिना व्हेगन राहण्याची मोहीम चालते, तर २०१८ पासून दूधवाल्यांनी फेब्रुवारी हा दुधाचा महिना करून टाकला. युरोपातल्या न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं की वनस्पतीपासून केलेल्या पेयाला 'दूध' म्हणून विकायचं नाही. आपल्याकडंही अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये तेच बजावलं, नारळाचं दूध तेवढं वगळून. या नावाच्या भांडणात आपल्या शेतकऱ्याला मी कधी रस घेताना पाहिलं नाही. तो स्वतःच म्हणतो की, "शाळवात दूध भरलंय." कणसातल्या दुधाला दूध म्हणणारा माणूस सोयाबीनच्या दुधावर कशाला चिडेल?

चिडतो तो वेगळ्या गोष्टीवर. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. ज्याच्या दारात खिलार बैलांची जोडी होती तो रात्रीत गुन्हेगार झाला. परवानगी मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. शेतात ट्रॅक्टर आलेला, त्यामुळं जर्सीच्या खोंडाला कामही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. आणि गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला वनतारा या प्राणी केंद्रात गेली. तक्रार पेटा या प्राणिहक्क संघटनेची. डॉक्टर म्हणून तिच्या पायांबद्दल मला बोलता येईल, पण आज ते नको. हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आली, हे तुम्ही पाहिलंय. तेव्हापासून गावात 'प्राणिप्रेमी' हा शब्द शिवीसारखा वापरतात. याच पेटानं २०२१ मध्ये अमूलला सुचवलं होतं की आता वनस्पतीजन्य दुधाकडं वळा. अमूलनं उलट विचारलं, दहा कोटी दूध उत्पादकांना पोसणार कोण? हे आमच्या संस्थेच्या सचिवाला पाठ आहे. त्यामुळं मी व्हेगन म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात ही सगळी मालिका उभी राहते. एकानं मला सरळ विचारलं, "डाक्टर, बैल नेला, हत्तीण नेली. आता म्हशीचा नंबर का?"

यात गल्लत आहे, मान्य. गोवंशाचा कायदा व्हेगन लोकांनी आणलेला नाही, आणि तो आणणाऱ्यांतले बहुतेक जण सकाळी पेलाभर दूध पिऊनच बाहेर पडतात. पण शेतकऱ्याच्या बाजूनं दिसतं ते एवढंच, की जनावर माझं, वैरण माझी, कर्ज माझं, आणि दया दुसऱ्याची. ती दया भाकड जनावराची वैरण देत नाही.

आता हिशोबाचं. ऊस लावला की पैसे दिसायला वर्ष-दीड वर्ष. दुधाचं बिल दहा दिवसाला. पोराची फी, औषध, तेलमीठ सगळं त्या बिलावर, आणि पुष्कळ घरांत ते बाईच्या हातात येतं. दिवाळीला संस्थेकडनं वर्षाच्या दुधावरच्या फरकाची रक्कम आली की लुगडं, फटाके. उसाचं वाडं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, म्हैस खाते, म्हशीचं शेण उसाला जातं. दारात दोन-चार जनावरं असलेल्या या घराला तिकडच्या शेकडो गाईंच्या कारखान्याचा मापदंड लावला की माझं डोकं फिरतं. पण म्हशीच्या ढेकरेतला हवा तापवणारा मिथेन वायू उसाच्या वाड्यावर पोसली म्हणून थांबत नाही, हेही खरं आहे.

आणि शेतकऱ्याची खरी पडझड कुणी केली? २०२४ मध्ये गायीच्या दुधाचा दर इतका कोसळला की सरकारला लिटरमागं पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्यात व्हेगनचा हात नव्हता. दुधाची पावडर साठून राहिली होती. २०२२ ला गाईबैलांचा लम्पी रोग आला, त्याआधी २०१९ चा पूर. त्या पुरात चिखली-आंबेवाडीकडची माणसं "जनावरं टाकून येत न्हाई" म्हणून बोटीत चढेनात. मी स्वतः एका मावशींना हात जोडले होते. त्यांनी शेवटी दावी कापली, म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला आणि मगच बोटीत पाय ठेवला. हे प्रेम की मालमत्तेची काळजी? मला इतक्या वर्षांत वेगळं काढता आलेलं नाही.

याच भागातला एक तरुण शेतकरी मला भेटला, त्यानं मात्र वेगळंच बोलून दाखवलं. "सोयाबीन आमचंच हाय की. काढा त्याचं दूध. मी घालतो सोयाबीन." मग त्यानं मोबाईलवर आकडे मांडले. किलोभर सोयाबीनमधून सात-आठ लिटर दूध निघतं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, बाजारात त्याच्याही खाली. म्हणजे लिटरभर सोया दुधात शेतकऱ्याचा माल सहा रुपयांचा, आणि डबा मॉलमध्ये शंभराच्या पुढं. सहकारी डेअरीत गिऱ्हाइकाच्या रुपयातला मोठा वाटा उत्पादकाकडं येतो. "म्हशीचा संघ हाय, सोयाबीनचा संघ कुठाय?" हा त्याचा सवाल. व्हेगन मंडळींच्या सभेत मी दोनदा विचारला. टाळ्या मिळाल्या, उत्तर नाही.

आता त्या दिवाळीकडं परत येतो. पुतणी संध्याकाळी गोठ्यात गेली. एक म्हैस नुकतीच व्यायलेली. वहिनी धार काढत होत्या. पोरीनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "काकू, रेडकू कुठाय?"

वहिनींनी बादलीतनं मान वर केली नाही. "गेलं," म्हणाल्या.

मी तिथंच उभा होतो. ते कसं गेलं हे मला माहीत होतं, आणि वहिनींना माहीत होतं की मला माहीत आहे. इथं हिशोब सांगावा लागेल. रेडकाला रोज दोन लिटर दूध पाजायचं म्हटलं तर तीन महिन्यांत एकशे ऐंशी लिटर. लिटरला पन्नास धरा, नऊ हजार रुपये. रेडी असेल तर ती उद्याची म्हैस, नऊ हजार वसूल. रेडा असेल तर मोठा होऊन त्याला कोण विचारतो? मग त्याला कुणी मारत नाही. नुसतं दाव्याला एका कोपऱ्यात बांधतात, दोन-चार घोट पाजून ओढून घेतात, आणि तो हगवणीनं नाहीतर थंडीनं आपोआप जातो. आम्ही डॉक्टर कागदावर 'अशक्तपणा' लिहितो. व्यायल्यावर पहिल्या काही तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे, तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर. मी वर्षानुवर्षं हे सांगत फिरलो, आणि त्याच घरांत बसून वाटीभर खरवस खाल्ला. पूर्वी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायचे, तिनं पान्हा सोडावा म्हणून. पुढं पान्ह्याची इंजेक्शनं आली. ती बेकायदा आहेत, पण किती गोठ्यांच्या वळचणीला त्यांच्या कुप्या सापडल्या ते मी सांगत बसत नाही.

मांस खाणाऱ्याला हे विचारलं तर तो निदान मान्य करतो. आपण दूध पिणारे, स्वतःला पुण्यवान समजणारे, यावर बोलत नाही. शेतकरी व्हेगनवर जितका हसतो, त्यातलं थोडं हसणं या प्रश्नावर माती लोटण्यासाठी असतं, असं माझं मत आहे. या सभागृहात दूध घालणारे कुणी असतील तर रागावू नका. रागावलात तरी चालेल.

रात्री पुतणी झोपल्यावर वहिनी ओसरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी इचारली ते काय खोटं न्हाई. पर ते मलाच का इचारायचं? दर काढणाऱ्याला कुणी इचारत न्हाई." त्यांना उत्तर नको होतं. मीही दिलं नाही.

आता एक कृत्रिम रेतन निघालंय, लिंग निश्चित केलेल्या वीर्याचं. शंभरात नव्वद वेळा मादीच होते. साध्यापेक्षा महाग आहे, आणि पहिल्या खेपेला म्हैस गाभण राहीलच असं नाही, म्हणून लोक कचरतात. व्हेगन माणसाला त्यानं समाधान होणार नाही, कारण दावं तसंच राहतं. पण कोपऱ्यात बांधलेलं रेडकू कमी होतं, आणि मी तीस वर्षं त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभा होतो.

गेल्या पावसाळ्यात वहिनींचा फोन आला. म्हैस माजावर आलीय, म्हणाल्या. नेहमीचा माणूस बोलवू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "न्हाई. ते रेडीचं म्हणता ते मिळंल का बघा. पैशे मी देते, तुमच्या भावाला सांगू नका." तेच रेतन करून भरवली. तिसऱ्या महिन्यात मी जाऊन तपासली, गाभण राहिली होती. निघताना चहा झाला. वहिनींनी माझ्यापुढं दुधाचा ठेवला आणि स्वतः कोरा घेतला. मी बघत राहिलो, तर म्हणाल्या, "डाक्टरनं साखर आन दूध दोनी कमी करायला सांगितलंय मला. तुमी काय समजला?"

म्हैस आता सातव्या महिन्यात आहे. अजून तीनेक महिने.