रडणं बारीक झालं, म्हणजे ती जवळ आली

मंडळी, मलय लोककथांतली भुतीण पोंतियानाक म्हटली की मोकळे केस आणि पांढरा झगा डोळ्यांपुढे येतो. सिंगापूरमध्ये बी. एन. राव यांनी १९५७ साली तिच्यावर चित्रपट काढला, आणि तिला असं पडद्यावर पाहायची सवय लागली. प्रायोगिक नाटकाने मात्र तिला दाखवायची घाई करू नये. बाळंतपणात गेलेली ही बाई, आपल्याकडच्या अळवंतिणीची सख्खी बहीणच. तिचं दुःख आधी कानावर पडलं पाहिजे.

मलय लोकसमजुतीत एक विलक्षण नियम आहे. तिचं रडणं मोठ्याने ऐकू आलं तर ती लांब आहे, बारीक झालं तर जवळ. नाटकवाल्याला याहून नेमकी रंगसूचना कोण देणार?

चाळीस खुर्च्यांची खोली धरा. चार कोपऱ्यांत चार स्पीकर. रडण्याची सुरुवात चढ्या आवाजात करा आणि दर टप्प्याला सुमारे ६ डेसिबल उतरवा. एक-दोन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. दोन टप्प्यांमध्ये वीसेक सेकंद पूर्ण शांतता. शेवटचा हुंदका स्पीकरमधून नको. तो शेवटच्या रांगेमागे उभ्या नटीने माइकशिवाय द्यायचा.

इथे हमखास एक चूक होते. प्रेक्षकाला नियम ठाऊक नसेल, तर आवाज उतरताच तो सुटकेचा श्वास टाकतो. त्याला वाटतं, गेली. म्हणून पहिल्याच प्रवेशात सुईणीच्या, म्हणजे तिथल्या बिदानच्या, तोंडी हा नियम सहज घालावा. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने बोलून जावं. पुन्हा आठवण करून देऊ नये.

ती येण्याआधी चाफ्याचा वास येतो, असंही मानतात. मलय मुलखात हा चाफा, कंबोजा, कबरस्तानात लावतात. आता अडचण अशी, की वास पसरायला हवा खेळती लागते आणि बारीक हुंदका ऐकू यायला एसी बंद लागतो. तेव्हा क्रम पाळा. आधी एसीच्या झोतात, झाकणाच्या डबीत, कापसावर तेलाचे दोन-तीन थेंब. दोन मिनिटांनी झाकण बंद, मग एसी बंद, मग रडणं. नाक लवकर सरावतं, म्हणून वास एकदाच. स्प्रे मारू नका: फुसफुस ऐकू येते आणि पडद्यांत मुरलेला वास पुढच्या प्रयोगाला आधीच हजर असतो.

राहिला खिळा. समजूत अशी, की तिच्या मानेत खिळा ठोकला की ती गुणी बायको होते, उपटला की पुन्हा भूत. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली खरी भीती इथे आहे, तिच्यापेक्षा ठोकणाऱ्याच्या हातात. हा हात प्रेक्षकाचा असावा. पण प्रत्येकाला दारात खिळा दिलात, तर अंधारात ते खणखणत पडतात आणि तो हुंदका बुडतो. एकच खिळा द्या, टोक घासून बोथट केलेला, एकाच प्रेक्षकाला. हुंदका त्याच्याच खुर्चीमागे यावा. त्यानंतर दहा सेकंद कुणी काही करायचं नाही, नटीनेही नाही.