मेलेतोचा किल्ला, वाईन आणि बटईदारांची घरं

नमस्कार मंडळी. इटलीत फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधे जो डोंगराळ पट्टा आहे ना, तो कियांती. तिथल्या गायोले गावाजवळ कास्तेल्लो दी मेलेतो, म्हणजे मेलेतोचा किल्ला आहे. आकाराने म्हणाल तर आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गढीएवढा, दोन गोल बुरूज, आणि दोन्ही शहरांच्या हद्दीवर असल्यामुळे शेकडो वर्षं लढाया झेललेला. आज तिथे वाईन बनते आणि पाहुणे मुक्कामाला राहतात, किल्ल्यातल्या खोल्यांमध्येसुद्धा.

आता लोक विचारतात की एवढी जुनी वास्तू हॉटेलसारखी का वापरायची? मला वाटतं म्हणूनच ती टिकलीय.

कारण बघा, कियांतीत पूर्वी शेती बटईने चालायची, मेझ्झाद्रिया म्हणतात तिला, म्हणजे जमीन मालकाची, राबणार कुळाचं अख्खं कुटुंब आणि पीक अर्धं अर्धं. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरं कारखान्यात कामाला गेली, घरं ओस पडली, द्राक्षबागा पडीक झाल्या, आणि 1964 मध्ये तर कायद्यानेच नवे बटईचे करार बंद केले. मग एवढी घरं, एवढा किल्ला सांभाळणार कोण? मेलेतो पूर्वी रिकासोली-फिरिदोल्फी या सरदार घराण्याकडे होता. 1968 मध्ये जियानी मात्सोक्की या मासिकं काढणाऱ्या प्रकाशकाने कंपनी काढली आणि साध्या साध्या लोकांनी शेअर घेऊन ही इस्टेट उभी केली. मला ही गोष्ट फार म्हणजे फारच आवडते.

पुढे 1985 मध्ये अॅग्रीतुरिस्मोचा, म्हणजे शेतावरच्या पर्यटनाचा कायदा आला. पाहुणे ठेवा, जेवू घाला, पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, ही त्यातली अट मोलाची आहे. मेलेतोत बटईदारांची जुनी दगडी घरंही आता पाहुण्यांना देतात, आणि खिडकी उघडली की समोर द्राक्षाच्या ओळी.

वाईन मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची, बाटलीवर कियांती क्लासिको हे इथल्या वाईनचं नाव लावायचं तर ते किमान 80 टक्के लागतं, आणि बाटलीच्या गळ्याशी काळ्या कोंबड्याचं चिन्ह असतं. 1872 मध्ये बेत्तीनो रिकासोलीने जवळच्याच ब्रोलियोच्या किल्ल्यात कियांती वाईनसाठी द्राक्षांचं मिश्रण ठरवलं, हा माणूस इटलीचा पंतप्रधानही होता बरं का! त्याच्या मिश्रणात पांढरी माल्वासिया पण होती, आता क्लासिकोत पांढरी द्राक्षं चालत नाहीत.

आणि एक, किल्ल्याच्या आत 18व्या शतकातलं छोटंसं थिएटर आहे, घरातल्या घरात नाटकं करायला बांधलेलं, रंगवलेले पडदे अजून जागेवर आहेत. तळघरातली पिंपं तर सगळे बघतातच, पण हे थिएटर आवर्जून दाखवायला सांगा. जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, द्राक्षतोडणी चालू असते. आणि गाडी ठरवूनच जा, तिकडे बस फार कमी आहेत.