थंडीतही काटा मधोमधच हवा
(चिपळूण येथे वाहनचालक आणि गॅरेज व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. इंजिन तापण्याविषयी चिपळूणकरांना मी नवीन काही सांगावं असं नाही. कुंभार्ली घाट दाराशी आहे. पायथ्याची पोफळी सोडली की नजर आपोआप इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे जाते. आज मला बोलायचंय ते उलट दुखण्यावर. डिसेंबर लागला की काही गाड्यांचा काटा मधोमध यायलाच तयार नसतो. सपाट रस्त्यावर तो खालच्या रेघेच्या आसपास रेंगाळतो आणि घाट उतरताना पार तळाला जातो. मालक मात्र खूश. ‘थंडीत गाडी कशी गार चालते बघा,’ असं कितीतरी जण मला कौतुकाने सांगतात. मला त्या इंजिनाची काळजी वाटते.

हवा गार झाली की रेडिएटर जास्त उष्णता काढतो, हे खरंच आहे. आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढी उष्णता बाहेर पडते. मे महिन्यात हवा 35 अंश आणि पाणी 90, म्हणजे फरक 55. जानेवारीच्या पहाटे दापोलीकडे किंवा घाटमाथ्यावर हवा 12 अंशांवर आली, तर फरक 78. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता काढायची ताकद 40 टक्क्यांनी वाढली. तरीही चांगल्या गाडीचा काटा हलत नाही. वैशाखात आणि पौषात तो एकाच जागी दिसला पाहिजे. ते काम थर्मोस्टॅट व्हॉल्वचं. इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे कधी आणि किती सोडायचं, ते हा व्हॉल्व ठरवतो.

इथे स्टोव्हवर पातेल्यात एक व्हॉल्व दोऱ्याने टांगलाय, शेजारी थर्मामीटर आहे. पुढे या, नीट बघा. मध्ये ही पितळी डबी, तिच्यात मेण भरलेलं असतं. कडेवर 82 छापलंय. काहींवर 88 असतं. आत्ता पाणी 78 आहे आणि तबकडी घट्ट बंद आहे. थांबा जरा... 81... 82... 83. दिसली फट? मेण वितळायला लागलं, फुगलं, त्याने आतली दांडी ढकलली आणि स्प्रिंग दबली. पूर्ण उघडायला आणखी 10-12 अंश लागतील. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग तबकडी परत बसवते. ना वायर, ना सेन्सर, आणि तरी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. मला या वस्तूचं फार अप्रूप आहे.

आता कुंभार्ली उतरतानाचा विचार करा. गाडी गिअरमध्ये आहे आणि पाय एक्सलेटरवरून काढलेला. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी इंधन बंदच होतं, म्हणजे उष्णता तयार होणं जवळजवळ थांबतं. समोरून गार वारा रेडिएटरवर आदळतोय. व्हॉल्व चांगला असेल तर तो मिटतो आणि इंजिनातली ऊब आतच राहते. तो उघडा अडकला असेल, किंवा जागेवर नसेलच, तर सगळं पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं आणि घाट संपेपर्यंत 60 अंशांवर येतं.

‘जागेवर नसेलच’ हे मी मुद्दाम म्हणतोय. आपल्याकडे मे महिन्यात गाडी तापली की पहिला सल्ला मिळतो, व्हॉल्व काढून टाका. मूळ कारण चोक झालेला रेडिएटर असतं, थकलेला वॉटर पंप असतो किंवा ढिलं पडलेलं रेडिएटरचं झाकण. ते तसंच राहतं. गॅरेजवाल्या मंडळींनी हा व्हॉल्व उलटा करून बघावा. खाली दुसरी लहान तबकडी आहे. वरची उघडते तेव्हा ही खालची जाऊन बायपासची वाट बंद करते. अशा इंजिनातून व्हॉल्व काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतो. म्हणजे ज्या चढासाठी व्हॉल्व काढला, त्याच चढावर गाडी जास्त तापू शकते आणि थंडीत उतारावर गारठते. दोन्हीकडून नुकसान.

गार इंजिनाचं नुकसान सावकाश होतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पाणी 60 अंशांवर असलं की गाडीच्या संगणकाला वाटतं, इंजिन अजून पुरतं तापायचंय. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज घसरतो. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं, आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच झिजतात. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, पण थोडी रिंगांच्या कडेने चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या जागेत शिरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर ऑइलमध्ये मिसळते. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, लोण्यासारखा पांढरट थर दिसेल. फक्त झाकणाला असेल तर घाबरू नका. पण डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसलं आणि कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, तपासायलाच हवं. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांचं आणखी एक आहे. सायलेन्सरच्या लाइनमधल्या फिल्टरची काजळी जाळायला इंजिन पुरतं तापावं लागतं. ते तापत नसेल तर फिल्टर भरत जातो, आणि तो बदलायचा खर्च व्हॉल्वच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

घरी तपासायचं असेल तर सकाळी गार गाडी चालू करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाईप हाताने चाचपा. पंख्यापासून हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. व्हॉल्व चांगला असेल तर पाईप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व उघडा आहे किंवा नाहीच. नव्या गाड्यांत काटाच नसतो. त्यांत इंजिन गार असल्याचा निळा दिवा किती वेळ जळतो ते बघा. स्कॅनरवर पी 0128 कोड आला तर तोच इशारा. मात्र किनाऱ्यालगतच्या गाड्यांत आधी तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर काढून बघावा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं असतं आणि काटा खोटं सांगत असतो.

गार वारा अडवायला रेडिएटरसमोर पुठ्ठा लावण्याबद्दल चिठ्ठी आली आहे. कोकणात अजिबात लावू नका. सकाळी लावलेला पुठ्ठा दुपारी चढावर गाडी उकळवेल. आणि सकाळी गाडी अर्धा तास उभ्या जागी तापवत बसू नका. मिनिटभर चालू ठेवा आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा. चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं.

व्हॉल्व बिघडतो तो बहुधा पाण्यामुळे. विहिरीचं किंवा बोअरिंगचं पाणी वर्षानुवर्षं ओतत राहिलं की क्षार आणि गंज साठून तबकडी अडकते. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कुलंट नको, असं समजू नका. तो गंज रोखतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतो. नवा व्हॉल्व बसवताना जुन्यावरचा अंक जुळवून घ्या आणि त्यावरची ही बारीक पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. मग कुलंट भरताना इंजिन गार असू द्या, हीटर फुल गरमवर ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत झाकण लावू नका.