पागोटं बांधेपर्यंतचे दिवस

मंडळी, आपल्याकडे घरातला कर्ता माणूस गेला, की गंधमुक्तीच्या, म्हणजे दुखवटा संपवण्याच्या दिवशी थोरल्या मुलाच्या डोक्यावर पागोटं बांधतात. सोयरे-भाऊबंद समोर बसलेले असतात आणि त्या घडीपासून व्यवहाराचं त्यालाच विचारायचं, हे सगळ्यांना समजतं. पण माणूस गेल्यापासून त्या दिवसापर्यंत घर कोण चालवतं? माझे वडील गेले तेव्हा केळीच्या कटाईचा दिवस ठरलेला होता. व्यापाऱ्याची गाडी बांधावर येऊन उभी राहिली आणि आमच्या सालदाराने आईला विचारलं, "आते कोन्हं आयकानं?" पुढे राज्यघटना शिकवताना तो प्रश्न मला फार वेळा आठवला. आज मी त्या मधल्या दिवसांविषयीच बोलणार आहे.

राजेशाहीत याचं उत्तर बहुधा तलवार देत असे. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारला वारला आणि जूनमध्ये आग्र्याजवळच्या जाजऊला त्याचे दोन मुलगे एकमेकांवर चालून गेले. त्यात आझम मारला गेला. निवडणुकीच्या राज्यात वारस रक्ताने ठरत नाही, म्हणून तो कागदावर आधी लिहून ठेवावा लागतो. आणि तो कागद कोणत्याही देशाने पहिल्या झटक्यात पुरा लिहिलेला नाही.

अमेरिकेचंच बघा. १८४१ साली राष्ट्राध्यक्ष हॅरिसन शपथ घेतल्यावर महिनाभरात वारले. तोवर असा प्रसंग आलाच नव्हता. उपाध्यक्ष टायलर हे आता खरे अध्यक्ष की नुसते कामकाज पाहणारे, यावर घटनेतलं वाक्य मोघम होतं. टायलरांनी पूर्ण अध्यक्ष म्हणून शपथ घेतली आणि तोच पायंडा पडला. लेखी घटनेत ही गोष्ट स्पष्ट व्हायला १९६७ ची पंचविसावी दुरुस्ती यावी लागली, म्हणजे सव्वाशे वर्षं! मधल्या काळात १८८१ साली गारफील्ड गोळी लागून जवळजवळ अडीच महिने अंथरुणाला खिळले होते. ते गेले तेव्हा उपाध्यक्षांच्या मागे वारसांच्या यादीत कोणीच नव्हतं, कारण सिनेटचा हंगामी सभापती आणि प्रतिनिधिगृहाचा सभापती ही दोन्ही पदं रिकामी होती. १८८६ च्या कायद्याने ती यादी मंत्र्यांकडे नेली, आणि १९४७ च्या कायद्याने निवडून आलेल्या सभापतींना पुन्हा वर आणलं. केनेडींची हत्या झाल्यावर चौदा महिने त्या देशाला उपाध्यक्ष नव्हता. अध्यक्ष जॉन्सन यांना आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, आणि त्यांच्यामागे यादीतले पहिले सभापती ७१ वर्षांचे, दुसरे ८६ वर्षांचे. ती पंचविसावी दुरुस्ती या धास्तीतून आली.

आता आपल्याकडे या. घटनेच्या ६५ व्या कलमाने सांगितलं, की राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर उपराष्ट्रपतींनी काम पाहावं, पण नवा राष्ट्रपती येईपर्यंतच, आणि ६२ व्या कलमाने सांगितलं, की निवडणूक सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी. टायलरांचा घोळ आपल्या घटनाकारांनी मुळातच मिटवला. मात्र उपराष्ट्रपतीही नसतील तर काय, हे त्यांनी ७० व्या कलमात संसदेवर सोपवलं, आणि संसदेने १९६९ पर्यंत त्यावर कायदा केलाच नाही.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले, पण त्यांना स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. ते पायउतार झाले तर पुढे कोण? तेव्हा त्याच मे महिन्यात कायदा झाला, की दोन्ही पदं रिकामी असतील तर सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन परतले, तोवर पस्तीस दिवस देशाचा सर्वोच्च माणूस एक न्यायाधीश होता. भारतभेटीवर आलेल्या निक्सन यांचं स्वागतही त्यांनीच केलं.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर १९ जुलैला सही झाली, म्हणजे गिरींच्या राजीनाम्याच्या आदल्या दिवशी. आपल्या गावागावांत ज्या बँकेच्या शाखेत पीककर्जाला रांग लागते, तिच्या इतिहासातली ही सही काळजीवाहू माणसाची आहे! कामकाज पाहणारा म्हणजे अधिकार नसलेला, असं मानू नका. त्या काळात त्याला राष्ट्रपतींचे सगळे अधिकार असतात, असं घटनाच सांगते.

पुढे १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले. उपराष्ट्रपती जत्तींनी जुलैपर्यंत काम पाहिलं. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या, तेव्हाही त्यांच्यामागे आधी उपराष्ट्रपती आणि मग सरन्यायाधीश, हा क्रम पक्का लिहिलेला होता.

पण ज्यांच्या हाती खरा कारभार, त्या पंतप्रधानांचं आणि मुख्यमंत्र्यांचं काय? तिथे क्रम लिहिलेलाच नाही. नेहरू २७ मे १९६४ ला गेले, शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला गेले. दोन्ही वेळा गुलझारीलाल नंदांनी तेरा-तेरा दिवस कारभार पाहिला आणि मग पक्षाने नेता निवडला. ती रीत होती, कायदा नव्हता. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींची हत्या झाली तेव्हा ती रीत बाजूला राहिली आणि त्याच संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला. उपपंतप्रधान, उपमुख्यमंत्री हे शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, पण घटनेत ते नाहीत. वरच्या माणसाची खुर्ची त्या पदामुळे आपोआप मिळत नाही.

महाराष्ट्राने हे फार लवकर अनुभवलं. २४ नोव्हेंबर १९६३ ला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार पदावर असतानाच वारले. दुसऱ्या दिवसापासून पी. के. सावंतांनी काम पाहिलं आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले. ते दिवस सुरळीत गेले, कारण विधानसभेत एकाच पक्षाचं भक्कम बहुमत होतं. आज तीन-तीन, चार-चार पक्षांची सरकारं बनतात. अशा वेळी मुख्यमंत्री गेले, तर सकाळी सही कोणाची चालेल, हे राज्यपालांच्या समजुतीवर सोडणं मला धोक्याचं वाटतं. ज्येष्ठतेची यादी शपथविधीच्याच दिवशी राजपत्रात छापा आणि नवा नेता निवडायला दिवसांची मुदत घाला, एवढीच माझी मागणी आहे. इथे कायदा शिकणारी मुलंमुली बसली आहेत. त्यांनी या दोन कलमांचा मसुदा मराठीत लिहून आपल्या आमदारांच्या हाती द्यावा. मी तो तपासायला बसेन.