नागपूरचा जॉन स्मिथ

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल १९३८. स्पेनच्या यादवी युद्धात गांदेसा गावाजवळ बंडखोर जनरल फ्रँकोच्या फौजेने सरकारच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या ब्रिटिश बटालियनचे सैनिक पकडले. त्यांत एक होता जॉन स्मिथ. नाव पक्कं इंग्रजी, माणूस मात्र आपल्या नागपूरचा! गोपाळ मुकुंद हुद्दार, नागपूरकरांचे बाळाजी.

हे बाळाजी १९२९ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, म्हणजे सरचिटणीस झाले. पुढे बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या खटल्यात तुरुंगवास भोगून पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून थेट स्पेनच्या आघाडीवर. निवडून आलेल्या सरकारविरुद्ध जुलै १९३६ मध्ये सेनापतींनी बंड केलं होतं. ते मोडायला देशोदेशींचे सुमारे पस्तीस हजार स्वयंसेवक धावले होते.

आता समोरची बाजू पाहा. फ्रँकोच्या फौजेत हजारो मोरोक्कन शिपाई होते. मोरोक्कोतल्या ज्या रिफच्या डोंगराळ मुलखाने अब्द अल-करीमच्या नेतृत्वाखाली १९२६ पर्यंत स्पेनशी झुंज दिली, तिथलीच पोरं दहा वर्षांत स्पेनच्याच सेनापतीसाठी लढत होती. का? घरात दाणा नव्हता. भरती झालं की आगाऊ पगार, साखर, तेल मिळायचं. म्हणजे त्या रणात दोन्हीकडे गुलाम देशांची माणसं होती. एक विचारापायी आलेला, दुसरा पोटापायी. मला दुसऱ्याला नावं ठेववत नाहीत.

हुद्दारांसह पकडलेल्या कैद्यांना स्पेनमधल्या बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात डांबलं. थंडी, उवा, काठीचा मार. वर फ्रँकोचा एक मनोविकारतज्ज्ञ मार्क्सवादी माणसाचं डोकंच बिघडलेलं असतं, हे ‘सिद्ध’ करायला त्यांच्या चाचण्या घेत होता! त्या बिघडलेल्या डोक्यांनी काय केलं? मठातच वर्ग भरवले, एकमेकांना भाषा शिकवल्या, हाताने लिहिलेलं वर्तमानपत्रही काढलं.

हुद्दारांसारखेच स्पेनला जाऊन जखमींची सेवा केलेले भारतीय डॉक्टर अटल १९३८ मध्येच वैद्यकीय पथक घेऊन चीनला निघाले. त्यांच्या पथकातले सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आपल्याला पाठ आहेत. हुद्दार कुणाला आठवतात? सुटून ते भारतात परतले, पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. मग एका घरात त्यांच्या स्पेनची अडचण, दुसऱ्या घरात त्यांच्या सरकार्यवाहपदाची.